कडेची माणसं कापू नका

१९७९ सालचा एक फोटो आहे. वाईच्या आमच्या वाड्याचा सोपा. मध्ये खुर्चीत आजोबा, शेजारी आजी, मागे काका, काकू, आत्या, पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेली पोरं. उजव्या टोकाला, खांबाला टेकून, मला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या मावशी. त्या आमच्याकडे भाकऱ्या करायला आणि धुण्याभांड्याला यायच्या. फोटोसाठी त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मी रडत होते, दुसऱ्या कुणाकडे राहत नव्हते, म्हणून त्या मला घेऊन रांगेच्या टोकाला येऊन थांबल्या आणि काकांनी बटण दाबलं. मावशींचा याखेरीज दुसरा फोटो माझ्या पाहण्यात नाही.

गेल्या वर्षी चुलतभावाने ही निगेटिव्ह स्कॅन केली, घरच्या प्रिंटरवर दहा बाय आठचे प्रिंट काढले, बाजारातून तयार फ्रेमा आणल्या आणि दिवाळीत प्रत्येक घरी एक एक दिली. माझ्या हातात आलेल्या फ्रेममध्ये मावशी नव्हत्या. माझ्या कमरेभोवती एक हात होता. मनगटात बांगड्या होत्या. मनगटाच्या पुढे फ्रेमची सोनेरी पट्टी होती.

मी त्याला विचारलं, "मावशींना का कापलंस?"

"मी कुठे कापलं ताई? ते आपोआप झालं."

हा लेख त्या 'आपोआप'विरुद्ध आहे. भावाविरुद्ध नाही, त्याने दिलं ते मायेनेच दिलं. पण आपल्या घराघरांतले फोटो आज या एका शब्दाच्या आड रोज कापले जात आहेत आणि कापणाऱ्याला आपण काही कापलं याचा पत्ताही नाही. इतक्या निष्काळजीपणाने आपण घरातली दुसरी कुठली वस्तू वापरत नाही. साडीला फॉल लावताना चार वेळा काठ बघतो. फोटोचे काठ बघायला चार सेकंद देत नाही.

हिशेब सरळ आहे. त्या निगेटिव्हची चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच, म्हणजे तीनास दोन. आठ इंच उंचीला हा फोटो पूर्ण छापायचा तर रुंदी बारा इंच हवी. फ्रेम होती दहा इंचांची. संगणकातल्या छपाईच्या खिडकीने डावीकडून एक इंच उडवला, उजवीकडून एक इंच उडवला. फोटोचा सहावा हिस्सा गेला. त्या खिडकीत 'चित्र चौकटीत भरा' अशा अर्थाची एक खूण आधीपासूनच केलेली असते. ती तुम्ही हाताने काढली नाही, तर फोटो कागदाच्या मापाला छाटला जातो आणि तसं झाल्याचं कुणी तुम्हाला सांगत नाही. बारा इंचांच्या रांगेत जेव्हा दहा-बारा माणसं उभी असतात, तेव्हा एक इंच म्हणजे एक माणूस.

शिंपी अंगाचं माप घेतो आणि कापड कापतो. आपण कापडाचं माप घेतो आणि अंग कापतो.

ही मापं एकमेकांशी जुळत नाहीत, याला कारण आहे आणि ते प्रत्येकाला माहीत असायला हवं. काचेच्या प्लेटच्या काळात हा प्रश्नच नव्हता. प्लेटवर कागद टेकवायचा, उजेडात धरायचा. प्लेट जेवढी, प्रिंट तेवढाच. पाव प्लेट, अर्धी प्लेट, साडेसहा बाय साडेआठ इंचांची पूर्ण प्लेट, ही त्या काळची मापं. १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढणारे राजा दीनदयाळ याच काचेच्या जगातले. फोटोग्राफरने काचेवर जे घेतलं ते सगळं कागदावर उतरायचं. आठ बाय दहा हे मापही त्याच घराण्यातलं: मोठ्या कॅमेऱ्यातली आठ बाय दहाची फिल्म, तिला टेकवून काढलेला आठ बाय दहाचा प्रिंट. तो कॅमेरा आपल्या घरांत कधी आलाच नाही, पण त्याच्या मापाची फ्रेम अजून प्रत्येक दुकानात टांगलेली आहे.

दुसरं घराणं सिनेमाचं. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने ३५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर चारास तीन प्रमाणाची चौकट बसवली. पुढे जर्मनीत वेट्झलारच्या ऑस्कर बार्नाकने तीच पट्टी कॅमेऱ्यात आडवी फिरवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींची मिळून एक केली: २४ बाय ३६. १९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि तीनास दोन हे साऱ्या जगाचं प्रमाण झालं. चार बाय सहाचा कागद, ज्याला आपल्याकडचे स्टुडिओवाले मॅक्सी म्हणायचे, तो याच प्रमाणाचा. तिसरं घराणं चौकोनाचं. १२० च्या रोलवर बारा चौरस फोटो येत. रोलायफ्लेक्समध्ये, याशिकामध्ये आणि आपल्याकडे कित्येक मध्यमवर्गीय घरांत पहिला कॅमेरा म्हणून आलेल्या आग्फा क्लिक थ्रीमध्येही. चौथं घराणं फोनचं. त्याचा सेन्सर पुन्हा चारास तीन. आणि घरच्या प्रिंटरमध्ये सर्रास घातला जाणारा ए-फोर कागद या चौघांपैकी कुणाचाच नाही. १९२२ मध्ये जर्मनीने प्रमाणित केलेलं ते माप, २१० बाय २९७ मिलिमीटर. लांबीला रुंदीने भागलं की दोनाचं वर्गमूळ येतं, म्हणून तो कागद मधोमध दुमडला तरी प्रमाण बदलत नाही. कचेरीच्या कामाला ही सोय उत्तम. माणसांची रांग किती लांब असावी, हे ठरवायला ती केलेली नाही.

म्हणजे फोटो एका घराण्याचा, कागद दुसऱ्या, फ्रेम तिसऱ्या. कुठे ना कुठे काहीतरी उरणार किंवा कापलं जाणार, यातून सुटका नाही. सुटका नाही म्हणूनच ते कुणीतरी बसून ठरवलं पाहिजे. आपण ते ठरवायचं काम अशा यंत्रावर सोपवलं आहे, ज्याला खांब आणि माणूस यांतला फरक ठाऊक नाही.

नुकसान किती होतं ते पाहा. फोनचा चारास तीन फोटो चार बाय सहाच्या कागदावर काठोकाठ भरला की नववा हिस्सा जातो. फोटो आडवा असेल तर वरून डोकी आणि खालून पावलं जातात. उभा असेल तर डावी-उजवीकडची माणसं जातात. फोनवर सोळास नऊ ठेवून काढलेल्या आडव्या फोटोचा याच कागदावर जवळजवळ सहावा हिस्सा जातो. तोच आठ बाय दहाच्या फ्रेममध्ये भरला तर दर शंभरांतले तीस भाग जातात. चौरस फोटो चार बाय सहावर भरला तर सरळ एक तृतीयांश गेला. जुन्या बॉक्स कॅमेऱ्याने काढलेल्या चौरस फोटोत घरची माणसं तीन ओळींत असतात: मागे उभी, मध्ये बसलेली, पुढे जमिनीवर. एक तृतीयांश म्हणजे त्यातली एक अख्खी ओळ. ए-फोर त्यातल्या त्यात बरा. तीनास दोन काय आणि चारास तीन काय, दोन्हींचे शंभरातले सहाएक भागच तो खातो. पण ते सहा भाग कोणाचे, हा प्रश्न उरतोच.

आता त्याच प्रश्नाकडे येते, कारण मला खरं बोलायचं आहे ते तिथे.

आपल्या फोटोंच्या कडेला कोण उभं असतं? कोणताही घरगुती ग्रुप फोटो काढून बघा. मध्यावर घरातला कर्ता पुरुष. त्याच्या शेजारी त्याची बायको. मग वयाच्या आणि मानाच्या क्रमाने एकेक जण. टोकाला नवी सून, जी 'या, या, तुम्हीपण या' म्हटल्यावर पदर सावरत येऊन उभी राहिली. विधवा आत्या, जी स्वतःहून कधीच मध्ये उभी राहिली नाही. आश्रित म्हणून राहिलेला दूरचा पुतण्या. धावत आलेलं शेजारचं पोर. आणि दाराच्या चौकटीत, ओला हात पदराला पुसत उभी असलेली कामवाली. पंगतीत जी माणसं शेवटी बसतात, तीच फोटोत कडेला असतात.

मधल्या माणसाचे फोटो पुष्कळ असतात. त्याचा सत्काराचा असतो, षष्ट्यब्दीचा असतो, देवघराशेजारी हार घातलेला असतो. कडेच्या माणसाचा बहुधा हाच एक. त्याच्यासाठी स्टुडिओत जाऊन कुणी पैसे मोजले नाहीत. तो फोटोत आला तो अपघाताने, आणि आता तुमच्या प्रिंटरच्या हलगर्जीपणाने जाणार. मधोमध धरून दोन्ही बाजू सारख्या छाटणारं यंत्र प्रत्येक वेळी ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्याला राखतं आणि ज्याच्याजवळ एकच आहे त्याचं तेही काढून घेतं. यंत्राला जात, वर्ग, नातं काही कळत नाही, हे मान्य. पण आपण माणसं ज्या क्रमाने उभी केली, तो क्रम यंत्र इमानाने पुढे चालवतं. तेव्हा 'आपोआप झालं' असं मला सांगू नका. आपण त्यांना कडेला उभं केलं, आणि मग कडा फेकून दिल्या.

हे पूर्वी इतकं होत नव्हतं, कारण पूर्वीच्या घरांत फोटोच्या मापाचा हट्ट नव्हता. जुना अल्बम आठवा. काळी जाड पानं, मध्ये बटर पेपर, आणि फोटोच्या चार कोपऱ्यांना चिकटवायचे छोटे काळे त्रिकोण. त्या पानावर चौरस फोटो बसायचा, लांबट बसायचा, तिकिटाएवढा बसायचा. फोटोला करवतीसारख्या दातेरी पांढऱ्या कडा असायच्या आणि त्या पांढऱ्या किनारीच्या आत चित्र पूर्ण असायचं. पान फोटोसाठी होतं. मग प्लॅस्टिकच्या खिशांचे अल्बम आले. प्रत्येक खिसा चार बाय सहाचा. ज्या दिवशी खिसा आधी आला आणि फोटो नंतर, त्या दिवशी आपण मालकी सोडली. आता प्रिंटर घरात आहे, कागद घरात आहे, कात्री घरात आहे, कुणाची जबरदस्ती नाही, तरी आपण त्या खिशाच्या मापाला शरण जातो. स्टुडिओवाल्याकडे दिवसाला शेकडो प्रिंट असायचे. त्याने घाई केली तर समजू शकतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईचा फोटो छापताना कसली घाई आहे?

पूर्वी एन्लार्जरखाली प्रिंट काढणाऱ्यालाही छाटावं लागायचंच. पण इझलच्या पात्या हाताने सरकवाव्या लागत. लाल दिव्यात वाकून, कागदावर पडलेल्या चित्रात ही पात कुणावर येते आहे, ते डोळ्यांनी बघावं लागे. कापायला हात लागायचा, आणि हात लागायचा म्हणून जबाबदारी असायची.

घरच्या छपाईत आणखी एक सापळा आहे, 'बॉर्डरलेस' नावाचा. काठोकाठ छपाई, पांढरी किनार नाही, म्हणून लोक खूश होऊन ती निवडतात. ती कशी होते हे बघत नाहीत. कागद सरकताना जरासा जरी हलला तरी एका कडेला पांढरी रेघ उरेल, म्हणून प्रिंटर चित्र मुद्दाम कागदाहून थोडं मोठं करतो आणि जास्तीचा भाग कागदाबाहेर सोडून देतो. म्हणजे तुम्ही प्रमाण अगदी तंतोतंत जुळवलं, तीनास दोनचा फोटो तीनास दोनच्याच कागदावर घातला, तरीही चारी बाजूंची चिंधी गेलीच, आणि वर त्या चिंधीची शाई कागदाबाहेर गेली. बहुतेक प्रिंटरांत हा फुगवटा कमी करायची सोय असते. ती शोधा. नाहीतर किनार ठेवा.

किनारीची लाज वाटते, हे मला अनेकांनी सांगितलं आहे. पांढरी पट्टी राहिली तर प्रिंट 'चुकल्यासारखा' दिसतो म्हणे. चुकल्यासारखा कुणाला? पैठणीला काठ असतो, रांगोळीभोवती मोकळी जमीन असते, छापील पुस्तकाला समास असतो. पुस्तकाच्या पानावर समास नको म्हणून कुणी ओळीतलं शेवटचं अक्षर कापत नाही. पांढरी जागा उरणं ही चूक नाही; माणूस नाहीसा होणं ही चूक आहे. या दोन्हींना एकाच तागडीत घालणाऱ्याची दृष्टी बिघडली आहे.

याहून वाईट प्रकार ताणण्याचा. कापवत नाही म्हणून काही जण फोटो दोन्हीकडून ओढून चौकटीत बसवतात. चौकाचौकांतले फ्लेक्स बघा. वाढदिवसाच्या शुभेच्छा असोत की भावपूर्ण श्रद्धांजली, फोटो चौकटीत मावत नाही म्हणून आडवा खेचलेला. गाल पसरलेले, डोळे लांबलेले. गेलेल्या माणसाचा चेहराच शेवटचा म्हणून लोकांना दाखवायचा असतो, आणि तोच चुकीचा दाखवायचा. तीच गत टीव्हीची. १९३६ चा 'संत तुकाराम' रुंद पडद्यासाठी घडलेला नाही. त्याची चौकट चारास तीनच्या जवळची. सोळास नऊच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात म्हणून लोक रिमोट घेऊन चित्र ओढतात, आणि विष्णुपंत पागनिसांचा चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. पट्ट्या खुपतात, चेहरा बिघडलेला खुपत नाही. ही सवय टीव्हीवर लागली आणि प्रिंटरवर आली. गुणोत्तर बिघडवलेला फोटो हा खोटा फोटो आहे. त्यापेक्षा कापलेला परवडला. निदान उरलेलं तरी खरं असतं.

आता यावर एक शहाणा आक्षेप येतो आणि त्याला मी शहाणाच मानते. क्रॉप करणं हा फोटोग्राफीचाच भाग आहे, त्याचा एवढा बाऊ कशाला? बरोबर आहे. आर्नल्ड न्यूमनने १९४६ मध्ये काढलेलं संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीचं छायाचित्र घ्या. पियानोचं उघडलेलं झाकण एखाद्या प्रचंड स्वरचिन्हासारखं उभं आहे आणि माणूस डाव्या कोपऱ्यात, अगदी लहान. मूळ निगेटिव्हमध्ये याहून पुष्कळ काही होतं. न्यूमनने ते निर्दयपणे छाटलं आणि छाटण्यातूनच ते चित्र घडलं. उलट आँरी कार्तिए-ब्रेसाँ. तो आपल्या चौकटीला कात्री लावू द्यायचा नाही. निगेटिव्हची काळी कड दिसेल असे प्रिंट काढून घ्यायचा. तरीही पॅरिसच्या सॅं-लाझार स्टेशनामागे पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचं त्याचं १९३२ चं चित्र छाटलेलं आहे, कारण कुंपणाची फळी मध्ये आली होती. एकाने कापलं, दुसऱ्याने कापायचं नाही असं ठरवलं आणि एकदा कारण होतं म्हणून कापलं. दोघांनी ठरवलं. माझं भांडण कात्रीशी नाही. ती कुणाच्याही हातात नाही, हे माझं भांडण आहे. फोटोतला रिकामा रस्ता कापा, कचऱ्याचा डबा कापा, न आवडणारा पाहुणासुद्धा कापा. पण कापताना त्याच्याकडे बघा, आणि मी कापलं असं म्हणायची तयारी ठेवा.

दुसरा आक्षेप आळशी आहे: "हे सगळं तांत्रिक आहे, सामान्य माणसाला कुठे जमणार?" दीडपट आणि सव्वापट यांतला फरक आपल्या आज्यांना पोळ्यांच्या पिठातही कळायचा. फोनवर फोटोच्या माहितीत दोन आकडे दिसतात, समजा ४०३२ आणि ३०२४. मोठ्याला लहानाने भागा. १.३३ आलं तर चारास तीन, १.५ आलं तर तीनास दोन, १.७८ आलं तर सोळास नऊ. मग हातातल्या कागदाची लांबी रुंदीने भागा. दोन उत्तरं सारखी असतील तर फोटो बसला. नसतील तर थांबा आणि ठरवा. चौथीतला भागाकार आहे हा.

काय ठरवायचं, तेही सांगते. आधी फोटो बघा, कागद नंतर. चारी कडांवरून बोट फिरवा आणि प्रत्येक कडेला काय आहे ते मोठ्याने म्हणा: इथे भिंत, इथे आकाश, इथे काकूंची पावलं, इथे मावशी. भिंत आणि आकाश देता येतं. पावलं आणि मावशी देता येत नाहीत. काही द्यायचं नसेल तर छपाईच्या खिडकीतली ती 'भरा'ची खूण काढा आणि फोटो पूर्ण छापा, उरेल तो कागद पांढरा राहू द्या. तीनास दोनचा फोटो ए-फोरवर २६७ बाय १७८ मिलिमीटरचा छापलात तर दोन बाजूंना पंधरा आणि दोन बाजूंना सोळा मिलिमीटर किनार उरते. डोळ्यांना चारी बाजू सारख्याच दिसतात आणि प्रिंट शोभिवंत होतो. चारास तीनचा फोटो २४० बाय १८० चा काढा. वर-खाली पंधरा आणि डावी-उजवीकडे साडेअठ्ठावीस उरेल. जास्तीची पट्टी नको असेल तर पट्टी आणि कटर घेऊन ती कापून टाका. कागद कापायला पाप लागत नाही. चौरस फोटो १८० बाय १८० चा. काही द्यायचं असेल तर छपाईला देण्याआधी फोनवरच, कागदाच्या प्रमाणात, स्वतःच्या बोटाने क्रॉप करा, म्हणजे यंत्राला हात घालायला जागाच उरणार नाही.

आणि तयार फ्रेम विकत आणू नका. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी फ्रेमवाला आहे. देवांच्या तसबिरी, शाळेतले थोर पुरुष, लग्नाचे फोटो, सगळं तो आणलेल्या मापाला करून देतो. तो पट्टी कापतो, काच कापतो, माउंट कापतो, मागे हार्डबोर्ड ठोकतो. आठ बाय बारा म्हणा, सव्वासात बाय पावणेअकरा म्हणा, त्याला फरक पडत नाही. ज्याच्या हातात मापाला कापायचं कसब आहे, असा कारागीर कोपऱ्यावर बसलेला असताना आपण मॉलमधून आठ बाय दहाचा साचा आणतो आणि घरच्या माणसांना त्यात कोंबतो. हे मला अक्षम्य वाटतं.

फोटो काढतानाही एवढं करा. फोनवर 'फुल' ठेवून काढलेला फोटो पडद्यावर छान भरतो, पण तो भरण्यासाठी सेन्सरने घेतलेला भाग आधीच कापलेला असतो. छापायचा फोटो चारास तीनवरच काढा. सेन्सर देतो ते सगळं घ्या, कापायचं ते घरी सावकाश कापा. टोकाच्या माणसाच्या पलीकडे हातभर जागा सोडा. आणि जमलं तर टोकाच्या माणसाला एकदा मध्ये बोलवा.

भावाकडून मी ते स्कॅन घेतलं आणि ए-फोरवर २६७ बाय १७८ चा प्रिंट काढला. मावशी जाऊन पंधरा वर्षं झाली. त्यांची लेक वाईजवळच्याच गावात राहते, साठीला आली आहे. तिला प्रिंट नेऊन दिला. तिने आजोबांकडे पाहिलं नाही, आजीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. फोटो हातात येताच तिचं बोट थेट उजव्या कडेला गेलं आणि तिथेच राहिलं.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "ताई, ह्या बांगड्या हिरव्या हुत्या. तुमच्या आत्याच्या लग्नात वाड्यावरच भरल्याल्या. आईनं पिचंपतूर काढल्या न्हाईत."

फोटो काळा-पांढरा आहे. त्या बांगड्यांचा रंग आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हता.